द्राक्षवेलींच्या खोऱ्यातील संत मार्टिन



येत्या ११ नोव्हेंबरला ख्रिस्तसभा टूर्सचे बिशप संत मार्टिन यांचा सण साजरा करते. मार्टिन म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर हातात झाडू घेतलेले, पेरू देशातील संत मार्टिन डी पोरेस उभे राहतात. त्यांचा सण ३ नोव्हेंबरला येतो. आज आपण ज्यांची ओळख करून घेणार आहोत, ते मार्टिन त्यांच्याही बाराशेहून अधिक वर्षे आधीचे, चौथ्या शतकातले. फ्रान्समध्ये शेकडो गावे आणि हजारो चर्चेस त्यांच्या नावाने आहेत.

या संताविषयी एक नवल वाटण्यासारखी गोष्ट आहे. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील द्राक्ष बागायतदार त्यांना आपले पालक मानत आले आहेत. त्यांच्या सणाच्या दिवशी नव्या वाईनची पहिली चव घेण्याची तिकडे जुनी रीत. पण मार्टिन यांनी जो मठ उभारला, तिथे आजारी माणसाखेरीज कोणी वाईनला हातही लावत नसे! मग असा माणूस वाईन करणाऱ्यांचा संत कसा झाला? हे समजण्यासाठी आधी ती नदी आणि तिच्या काठचे मळे पाहू.

नदी आणि तिचे मळे

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी, सुमारे १००० किलोमीटरची. आर्देशच्या डोंगराळ भागात ती उगम पावते, उत्तरेकडे ओर्लेआं शहरापर्यंत जाते आणि तिथे पश्चिमेकडे वळून टूर्स व नांत या शहरांवरून अटलांटिक महासागराला मिळते. एवढ्या लांबीत माती बदलते, हवा बदलते आणि त्याबरोबर द्राक्षाची जातही बदलते.

वळणाच्या अलीकडे सांसेर आणि पुयी ही गावे समोरासमोर आहेत. तिथल्या चुनखडीच्या आणि गारगोटीच्या जमिनीत सोविन्यों ब्लांक हे पांढरे द्राक्ष होते. त्याची वाईन कोरडी आणि तरतरीत असते. पुढे टूर्सजवळ वूव्रे आणि मोंलुई येथे शेनिन ब्लांकचे राज्य आहे. हे द्राक्ष उशिरा पिकते. ऑक्टोबर उजाडला तरी तोडणी चालूच असते, कधी कधी ती नोव्हेंबरपर्यंत लांबते. एकाच मळ्यातून एका वर्षी कोरडी, दुसऱ्या वर्षी गोड, तर कधी फेसाळणारी वाईन निघते. शरद ऋतूत ऊन किती पडले, त्यावर ते ठरते. टूर्सच्या पश्चिमेला शिनों आणि बुर्गेय येथे कॅबर्ने फ्रांक हे काळे द्राक्ष होते. तिथले लोक त्याला आपल्या बोलीत ब्रतों म्हणतात. जगभर पसरलेली कॅबर्ने सोविन्यों ही जात म्हणजे याच कॅबर्ने फ्रांकचे आणि वर सांगितलेल्या सोविन्यों ब्लांकचे अपत्य आहे, हे १९९७ साली डीएनए तपासणीतून सिद्ध झाले.

आणखी खाली लेयों या उपनदीच्या काठी सकाळी धुके पडते, दुपारी ऊन येते, आणि पिकलेल्या शेनिनवर एक बुरशी चढते. एरवी बुरशी म्हणजे नुकसान. पण ही बुरशी दाण्यातील पाणी कमी करून गोडवा वाढवते आणि त्यातून मधासारखी वाईन तयार होते. शेवटी समुद्राजवळ नांतच्या परिसरात मेलों हे द्राक्ष आणि त्याची मुस्कादे ही हलकी वाईन. १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात तिथले मळे गारठून मेले. त्यानंतर थंडी सोसणारी जात म्हणून मेलोंची मोठ्या प्रमाणावर लागवड झाली. आजही थंडीची धास्ती गेलेली नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका कडाक्याच्या लाटेने फ्रान्समधील बहुतेक भागांतले कोवळे कोंब जाळून टाकले. वाईनची बाटली आपल्याला दिसते, तिच्यामागची शेतकऱ्याची जागरणे दिसत नाहीत.

या खोऱ्यात फिकट रंगाचा, मऊ असा चुनखडीचा दगड आहे. नदीकाठचे राजवाडे त्याच दगडाचे आहेत. दगड काढल्यावर ज्या गुहा उरल्या, त्यांत आज वाईन मुरत ठेवलेली असते, कारण आत बारा महिने सारखाच गारवा असतो. या खडकाची आठवण ठेवू या. मार्टिन यांच्या चरित्रात तो पुन्हा येणार आहे.

शिपाई ते बिशप

मार्टिन यांचा जन्म आजच्या हंगेरीतला, रोमन सैन्यातील एका अधिकाऱ्याच्या घरी. आईवडील ख्रिस्ती नव्हते. बालपण इटलीतील पाव्हिया शहरात गेले. दहा वर्षांचे असताना ते स्वतःहून चर्चमध्ये गेले आणि आपल्याला दीक्षार्थी करून घ्या, अशी त्यांनी विनंती केली. पण सैनिकाच्या मुलाने सैन्यातच जायचे, असा त्या काळचा कायदा होता. पंधराव्या वर्षी त्यांना सक्तीने शिपाई केले गेले. त्यांच्या दिमतीला एक नोकर होता. मार्टिन त्या नोकराच्या पायातले बूट स्वतः काढत आणि पुसत, जेवणही पुष्कळदा स्वतःच वाढत.

पुढचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. उत्तर फ्रान्समधील आमियें शहराच्या वेशीवर, कडक हिवाळ्यात, एक उघडा भिकारी त्यांना दिसला. जवळचे सगळे आधीच वाटून झाले होते. अंगावर फक्त सैनिकी झगा होता. त्यांनी तलवार काढली, झग्याचे दोन भाग केले आणि अर्धा भिकाऱ्याला दिला. अर्धवट झग्यातला शिपाई पाहून काही लोक हसले. त्या रात्री स्वप्नात त्यांनी प्रभू येशूला तोच अर्धा झगा पांघरलेला पाहिला. मार्टिन यांचा अजून बाप्तिस्मासुद्धा झालेला नव्हता. तो त्यानंतर अठराव्या वर्षी झाला. त्या झग्याला लॅटिन भाषेत कापा म्हणतात. पुढे फ्रँक राजांनी तो अवशेष म्हणून जपला. तो ठेवण्याच्या जागेवरून चॅपेल हा शब्द आला आणि तो सांभाळणाऱ्यांवरून चॅपलन. आपण हे शब्द रोज वापरतो, पण त्यांच्या मुळाशी एका भिकाऱ्याला झाकणारा फाटका झगा आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

सैन्य सोडल्यावर ते प्वातियेचे बिशप संत हिलरी यांचे शिष्य झाले. घरी जाऊन त्यांनी आईला ख्रिस्ताकडे आणले. वडील मात्र आले नाहीत. येशूचे देवपण नाकारणाऱ्या एरियन पंथीयांनी त्यांना फटके मारले आणि शहराबाहेर काढले. सन ३६१ च्या सुमारास प्वातियेजवळ लिगुजे येथे त्यांनी मठवासी जीवन सुरू केले. तो फ्रान्समधील सर्वांत जुन्या मठांपैकी एक मानला जातो.

सन ३७१ मध्ये टूर्सच्या लोकांना बिशप हवा होता. मार्टिन तयार होणार नाहीत, हे त्यांना माहीत होते. म्हणून एका माणसाने बायको आजारी असल्याचे सांगून त्यांना मठाबाहेर बोलावले आणि वाटेत दबा धरून बसलेल्या लोकांनी त्यांना शहरात नेले. जमलेल्या काही बिशपांनी नाक मुरडले. विस्कटलेले केस, मळके कपडे, असा माणूस बिशप कसा शोभेल? लोकांनी त्यांचे ऐकले नाही.

खडकातला मठ

बिशप झाल्यावरही मार्टिन यांनी राहणी बदलली नाही. शहरापासून थोड्या अंतरावर, ल्वारच्या उत्तर काठावर मारमुतिये येथे त्यांनी मठ उभारला. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला नदी. मार्टिन लाकडी खोपटात राहत. त्यांच्या सुमारे ८० शिष्यांपैकी बरेच जण त्याच मऊ खडकात खोदलेल्या गुहांत राहत. त्या काठाने थोडे वर गेले की वूव्रेची तळघरे लागतात. एकाच दगडाच्या पोटात एकीकडे प्रार्थना होत असे, दुसरीकडे आज वाईन मुरते.

मठात कोणाचे स्वतःचे असे काही नव्हते. खरेदी-विक्रीला बंदी होती. तरुण शिष्य ग्रंथांच्या नकला करत, वडीलधारे प्रार्थना करत. आणि आधी म्हटल्याप्रमाणे, वाईन फक्त आजाऱ्याला. हे सारे त्यांचा शिष्य सुल्पिसियस सेवेरस याने लिहून ठेवले आहे, आणि ते चरित्र मार्टिन हयात असतानाच तयार झाले होते. मार्टिन यांनी वाईनला पाप ठरवले नाही. तसे असते तर आजाऱ्यालाही ती मिळाली नसती आणि वेदीवर तर मुळीच नाही. त्यांनी एवढेच ठरवले की ज्याला गरज आहे, त्याला ती आधी. झग्याचा नियमच त्यांनी प्याल्याला लावला.

सम्राटाचा प्याला

हाच नियम त्यांनी राजवाड्यातही पाळला. जर्मनीतील ट्रियर शहरात सम्राट मॅक्सिमस याचा दरबार होता. त्याने एका सम्राटाचा जीव घेऊन सत्ता मिळवली होती, म्हणून मार्टिन बराच काळ त्याच्या पंगतीला जायला तयार नव्हते. शेवटी ते गेले. जेवणाच्या मध्यावर सेवकाने वाईनचा प्याला सम्राटापुढे धरला. सम्राटाने तो मार्टिन यांना द्यायला सांगितले. बिशपने एक घोट घेऊन तो आपल्याकडे द्यावा, ही त्याची अपेक्षा होती. मार्टिन यांनी घोट घेतला आणि प्याला आपल्याबरोबर आलेल्या साध्या धर्मगुरूच्या हाती दिला. सम्राट आणि सरदार पाहतच राहिले. वाईन तीच, प्याला तोच, पण तो कोणाकडे आधी जातो यावरून माणसाच्या मनातला देव कोणता, हे कळते.

त्याच दरबारात मार्टिन यांना आयुष्यातले सर्वांत मोठे दुःख भोगावे लागले. स्पेनमधील बिशप प्रिसिलियन याच्यावर चुकीच्या शिकवणीचा आरोप होता आणि काही बिशपच त्याच्या जिवावर उठले होते. मार्टिन यांना प्रिसिलियनची शिकवण मान्य नव्हती. तरीही धर्माच्या प्रश्नात रक्त सांडू नये, यासाठी त्यांनी सम्राटाकडून वचन घेतले. त्यांची पाठ फिरताच ते मोडले गेले. सन ३८५ च्या सुमारास प्रिसिलियन आणि त्याच्या काही साथीदारांचा शिरच्छेद झाला. पुढे आणखी लोकांचे प्राण वाचवण्यासाठी, ज्या बिशपांचे हात या प्रकरणात बरबटले होते त्यांच्याबरोबर मार्टिन यांना एकदा उपासनेत सहभागी व्हावे लागले. ते शल्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही. त्यानंतर मरेपर्यंत ते बिशपांच्या कोणत्याही सभेला गेले नाहीत. संतांनाही स्वच्छ वाट नेहमीच मिळत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे.

कांद येथील मरण

व्हिएन नदी जिथे ल्वारला मिळते, तिथे कांद नावाचे गाव आहे. तिथला धर्मग्राम मार्टिन यांनीच स्थापला होता. सन ३९७ मध्ये तिथल्या धर्मगुरूंमध्ये भांडण लागले. मार्टिन म्हातारे झाले होते, आपला शेवट जवळ आला हे त्यांना जाणवत होते, तरी ते समेट करायला गेले. समेट झाला. परतीच्या तयारीत असताना ते आजारी पडले. शिष्य रडू लागले तेव्हा त्यांनी देवाला सांगितले की लोकांना अजून गरज असेल तर कष्टाला माझी ना नाही, पुढे तुझी इच्छा. मऊ बिछाना नाकारून ते राखेवर पडून राहिले. ८ नोव्हेंबर रोजी त्यांचे निधन झाले.

प्वातियेच्या आणि टूर्सच्या लोकांत त्यांच्या देहावरून वाद झाला. टूर्सच्या लोकांनी रात्री तो खिडकीतून बाहेर काढला आणि होडीने ल्वारमधून टूर्सला नेला. ११ नोव्हेंबरला तिथे दफन झाले. होडी जात असताना भर नोव्हेंबरात दोन्ही काठांवर फुले उमलली, अशी लोककथा आहे. म्हणून त्या दिवसांत पडणाऱ्या उबदार उन्हाला युरोपात संत मार्टिनचा उन्हाळा म्हणतात.

गाढव आणि छाटणी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टूर्सच्या परिसरातील दंतकथा सांगते की मार्टिन यांनी आपले गाढव द्राक्षमळ्यापाशी बांधले आणि ते काम संपवून येईपर्यंत गाढवाने वेलींचे शेंडे खाऊन टाकले. शिष्य हळहळले. पण पुढल्या हंगामात त्याच वेलींना सर्वांत चांगली द्राक्षे आली, आणि लोक छाटणी शिकले. हा इतिहास नव्हे. अशीच गोष्ट ग्रीसमधील नाव्हप्लिया गावाविषयी पौसानियस या लेखकाने मार्टिन यांच्या आधी दोनशे वर्षे लिहून ठेवली होती. लोकांनी ती पुढे मार्टिन यांच्या नावावर चढवली.

पण त्यांनी माणूस चुकीचा निवडला नाही, असे आम्हांला वाटते. शेनिन ही जोमाने वाढणारी वेल आहे. मोकळी सोडली तर भरपूर पाने आणि पाणचट द्राक्षे देते. म्हणून हिवाळ्यात, पाने गळल्यावर, वर्षभरात वाढलेले बहुतेक लाकूड कापून टाकतात. नाशिकच्या बागायतदारांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथेही आता शेनिन ब्लांकची लागवड होते, आणि एप्रिलची खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी छाटणी चुकवून चालत नाही. शुभवर्तमानात प्रभूनेही फळ देणाऱ्या फांदीची छाटणी होते, असेच सांगितले आहे. मार्टिन यांचा झगा छाटला गेला, सैन्यातली बढती गेली, घर सुटले, बिशपपदाचा थाट आणि मानही त्यांनी कापून टाकला. जे उरले, ते इतरांना पुरले.

त्यांच्या मागे लोकांनी दोन्ही गोष्टी केल्या. पाचव्या शतकात टूर्सचे बिशप पर्पेतुस यांनी संत मार्टिन यांच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवासाचा नियम घातला. आपल्या आगमनकाळाच्या मुळांपैकी हे एक. दुसरीकडे, त्याच दिवशी नवी वाईन उघडत असल्याने सणाला ऊत येऊ लागला. जुन्या फ्रेंच बोलीत दारूच्या झिंगेला संत मार्टिनचे दुखणे असे नावच पडले. ज्याने आपल्या मठात प्याला आजाऱ्यासाठी राखून ठेवला, त्याचे नाव झिंगेला मिळावे, याहून दुर्दैव कोणते?

आपण फ्रेंच लोकांना हसायला नको. आपल्याकडे बाप्तिस्मा, लग्न, नाताळ, प्रत्येक प्रसंगी प्याला फिरतो. संत थॉमस अक्वायनस यांनी संयमाचा विचार करताना वाईनला मुळात वाईट म्हटले नाही; माप कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा मानला. ते माप मार्टिन यांच्या जीवनात सापडते. आपल्या घरातल्या प्याल्यापायी मुलांची फी थकली असेल, आईचे औषध राहिले असेल, बायको रात्री जागी राहून दाराकडे कान लावत असेल, तर तो प्याला ज्याची गरज आधी होती त्याच्याकडून हिसकावलेला आहे. मग तो कितीही उंची द्राक्षाचा असो.

दर रविवारी आपण वेदीवर द्राक्षारस अर्पण करतो. तो शुद्ध द्राक्षांचाच असावा, असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. छाटलेल्या वेलीचे ते फळ प्रभूचे रक्त होते आणि सर्वांसाठी दिले जाते. येत्या ११ नोव्हेंबरच्या पवित्र मिस्सेला येताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या खर्चातली एक फांदी छाटून आणावी, अशी आमची विनंती आहे. एका समारंभातला दारूचा खर्च असेल, किंवा पुरुषमंडळींनी आठवड्यातली सोडलेली एखादी संध्याकाळ. त्यातून जे वाचेल, ते आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या औषधासाठी वापरले जाईल. आणि ज्यांना प्याला सोडवत नाही, त्यांनी लाज न बाळगता आम्हांला भेटावे. मिस्सेनंतर आम्ही चर्चमध्येच असतो.

संत मार्टिन आपणा सर्वांसाठी विनंती करोत.

आपला धर्मगुरू